हरणाऱ्यांची पंगत

जे आपल्याला काहीच परत देत नाही, त्याच्याशी माणसाने एकनिष्ठ का राहावे? हा प्रश्न जुनाच आहे. आईबाप, संसार, श्रद्धा यांच्या संदर्भात तो आपण अनेकदा ऐकलेला असतो. आम्हांस मात्र तो एका अनपेक्षित ठिकाणी भेटला. बॉस्टन शहरात, इटालियन वंशाच्या एका कुटुंबाच्या जेवणाच्या मेजावर, नाताळच्या आदल्या रात्री.

काही वर्षांपूर्वी आमचा मुक्काम तेथे भाचीकडे होता. तिच्या शेजारच्या वृद्ध दांपत्याने आम्हां सर्वांना जेवावयास बोलाविले. गृहस्थांचे आजोबा नेपल्सजवळच्या एका खेड्यातून अमेरिकेस आलेले. दक्षिण इटलीतून तिकडे गेलेल्या पुष्कळ कुटुंबांत त्या रात्री मांस शिजत नाही. सात प्रकारची मासळी असते. सातच का, याचे उत्तर घरोघर निराळे मिळते. कोणी सात संस्कार सांगतो, कोणी सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस. मूळ मात्र उपवासात आहे. नाताळच्या पूर्वदिनी मांस वर्ज्य करावे असा ख्रिस्तसभेचा नियम होता. १९६६ साली पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम सौम्य केले, तरी चुलीने आपला नियम सोडला नाही. गरीब माणसांनी मांसाऐवजी समुद्राकडे पाहिले आणि उपवासाचीच मेजवानी झाली.

मेजावर तळलेले माकूल होते, तिसऱ्या घातलेला लिंग्वीनी होता, वाम होती, आणि मधोमध ‘बाकाला’ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा होता. हा मासा बाजारातून येतो तेव्हा फळीसारखा टणक असतो. त्याला दोन-तीन दिवस थंड पाण्यात ठेवावे लागते आणि ते पाणी पुनःपुन्हा बदलावे लागते. घाई केली तर घास खारट होतो. आमच्या किनाऱ्यावरच्या गृहिणींना यात नवल वाटावयाचे नाही. शेवटी स्ट्रुफोली आली : पिठाच्या लहान गोळ्या तळून मधात घोळवलेल्या. मुलांची बोटे रात्रभर चिकट राहिली.

जेवताना यजमानांचे बोलणे बेसबॉलकडे वळले. त्या घरात ते नेहमीच तिकडे वळत असावे. भिंतीवर त्यांच्या वडिलांचे छायाचित्र होते, डोक्यावर बॉस्टनच्या ‘रेड सॉक्स’ संघाची टोपी. “बाबांचा जन्म १९१९चा, मृत्यू १९९१चा,” यजमान म्हणाले, “म्हणजे बेताबेताने हुकले. दोन्हीकडून.”

त्या वाक्यातील दुःख समजण्यास थोडा इतिहास सांगितला पाहिजे. रेड सॉक्स संघ १९१८ साली अजिंक्य ठरला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मालकाने बेब रूथ हा असामान्य खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीज संघास विकला. त्यानंतर यांकीजनी विजेतेपदांची रास रचली आणि बॉस्टन वाट पाहत राहिले. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ अशा चार वेळा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात हरला. शेवटच्या पायरीवर घसरण्याचे हे दुःख एका पिढीने दुसरीच्या हाती दिले, जसा बाकाला शिजविण्याचा रिवाज दिला.

हा खेळच मुळी अपयशाचा आहे. दहा संधींपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज तेथे उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तम माणूसही सात वेळा हात हलवत परततो. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि चांगल्यातला चांगला संघही त्यांतील साठएक हरतो. बार्टलेट जियामाटी या विद्वानाने हे फार ओळखले होते. इटालियन स्थलांतरितांचा हा नातू युरोपीय प्रबोधनकाळाच्या साहित्याचा अभ्यासक, येल विद्यापीठाचा अध्यक्ष आणि रेड सॉक्सचा आजन्म भक्त. १९७७ साली त्याने लिहिलेल्या एका निबंधाचा आशयच असा, की हा खेळ आपले मन मोडण्यासाठीच रचलेला आहे. वसंतात आशा लावतो आणि हिवाळा तोंडावर आला की सोडून जातो.

मग माणसे का थांबतात? आमच्या मते याचे एक उत्तर असे, की निष्ठा हा सौदा नव्हे. ज्याला विजय हवा असेल त्याने विजयी संघ निवडावा. त्यास आपण हिशेबी म्हणू, निष्ठावान म्हणणार नाही. येथपर्यंत प्रश्न सोपा आहे. परंतु यजमानांनी पुढे जे सांगितले, त्याने आमचे हे उत्तर अपुरे ठरविले.

१९८६ची अंतिम मालिका. सहावा सामना न्यूयॉर्कच्या मेट्स संघाशी. दहाव्या डावात बॉस्टन दोन धावांनी पुढे, प्रतिपक्षाचे दोन गडी बाद, आणखी एकच हवा. ती आघाडी इतरांच्या हातून आधी गेली. बरोबरी झाल्यावर एक साधा घरंगळता चेंडू बिल बकनर या खेळाडूच्या पायांमधून निसटला आणि सामना गेला. दोन दिवसांनी सातवा सामना झाला. त्यातही बॉस्टनने तीन धावांची आघाडी घालविली. पण लोकांना अनेक दोषी नको होते, एक हवा होता. दुखऱ्या घोट्यांनिशी मैदानात उभा राहिलेला, कारकिर्दीत सत्तावीसशेहून अधिक यशस्वी फटके मारलेला बकनर त्या एका चेंडूच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शेवटी तो कुटुंबासह दूर आयडाहो राज्यात राहावयास गेला.

“त्या नाताळला याच मेजावर मी त्याला शिव्या देत होतो,” यजमान म्हणाले. “माझा धाकटा भाऊ समोर बसला होता. त्या वर्षी त्याने बाबांची बेकरी कर्जात घालवली होती. कोणी त्याच्याशी बोलत नव्हते. आईने मात्र त्याला आवडतो म्हणून तीन दिवस बाकालाचे पाणी बदलले होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ज्याने आपली भाकरी बुडवली तो या घरात जेवतो आहे. मग ज्याने नुसता चेंडू सोडला, त्याने तुझे काय खाल्ले रे?’ ”

मेजावर क्षणभर शांतता पसरली. तो धाकटा भाऊ त्या रात्रीही आमच्या समोरच बसला होता. त्याने हसून पाव पुढे केला.

आम्हांस वाटते, त्या माउलीने निष्ठेच्या प्रश्नाचा खरा पैलू दाखविला. हरणाऱ्या संघाबरोबर राहणे ही अर्धी निष्ठा झाली. ज्याच्यामुळे हरलो त्या माणसाबरोबर राहता येते का, ही उरलेली अर्धी, आणि अवघड. संघावर प्रेम करणे सोपे असते, कारण संघाला चेहरा नसतो. चूक नेहमी चेहरा असलेला माणूस करतो.

यावर कोणी म्हणेल, की मग चुकीला चूक म्हणावयाचेच नाही काय? तसे नव्हे. बेसबॉलच्या धावफलकावर धावा आणि फटके यांच्या शेजारी चुकांचाही रकाना असतो. बकनरची चूक त्यात आजही नोंदलेली आहे. आणि चूक व प्रतारणा यांत भेद करावाच लागतो. १९८९ साली हेच जियामाटी व्यावसायिक बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी असताना त्यांनी पीट रोझ या नामवंतास सट्ट्याच्या प्रकरणात खेळातून कायमचे दूर केले. खेळावर प्रेम करणाऱ्या माणसाने ते केले. आठ दिवसांनी त्यांचे निधन झाले. विश्वास विकणाऱ्यास जाब विचारावाच लागतो. पण ज्याने विकले काहीच नाही, ज्याचे पाय त्या क्षणी पुरे पडले नाहीत, त्यास आपण त्याच पिंजऱ्यात उभे करतो, तेव्हा आपण न्याय करीत नसतो. आपली निराशा त्याच्या माथी मारीत असतो.

२००४ साली २७ ऑक्टोबर रोजी रेड सॉक्स अखेर अजिंक्य ठरले, शहाऐंशी वर्षांनी. त्यानंतरच्या दिवसांत बॉस्टनच्या परिसरातील दफनभूमींत लोक आपल्या वडीलधाऱ्यांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या नि झेंडे ठेवून आले. मृतांचा स्मरणदिन अवघ्या आठवड्यावर आला होता. यजमानही वडिलांकडे टोपी घेऊन गेले. संघाने पुढे २००७, २०१३ आणि २०१८ सालीही विजेतेपद मिळविले. “पण माझी नातवंडे माझ्याहून जास्त कुरकुरतात,” असे ते म्हणाले.

२००८च्या एप्रिलमध्ये बकनरला बॉस्टनच्या मैदानावर पहिला चेंडू टाकावयास बोलाविण्यात आले. हजारो माणसे उभी राहिली आणि बराच वेळ टाळ्या वाजवीत राहिली. त्याने डोळे पुसले. आपणांस मनातून वृत्तपत्रादिकांना क्षमा करावी लागली, असे तो नंतर म्हणाला. २०१९ साली तो वारला. क्षमा कोणी कोणास केली, लोकांनी त्याला की त्याने लोकांना, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही. त्या घरातल्या आईला मात्र बावीस वर्षे थांबावे लागले नव्हते. तिने ते दोन महिन्यांत केले होते, पाणी बदलता बदलता.

वाचकहो, आपल्याही घरात कोणीतरी चेंडू सोडलेला असतो. परीक्षेत गळालेला मुलगा, धंद्यात बुडालेला भाऊ, रागाच्या भरात घर सोडून गेलेली बहीण. नाताळच्या पंगतीत आपण त्यांचे पान मांडतो की नाही, आणि मांडलेच तर त्यांच्याशी बोलतो की नाही, एवढे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. यजमानांच्या घरून निघताना त्यांच्या धाकट्या भावाने उरलेला बाकाला एका डब्यात भरून आमच्या हाती दिला. “दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो,” तो म्हणाला. आणि तसा तो लागला.