उपाशी यीस्ट

इंग्लंडच्या हेरफर्डशरमध्ये एका आजीची सफरचंदांची बाग होती. झाडं किंग्स्टन ब्लॅक आणि डॅबिनेट या जातींची. ही फळं नुसती खायला तुरट, पण सायडर करावी तर अशाच फळांची. ऑक्टोबरात रस काढून काचेच्या बुधल्यांत भरला. वसंत येईपर्यंत यीस्टने त्यातली सारी साखर फस्त केली. रसाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा 1.050 वरून 1.000 वर उतरला, बुडबुडे थांबले, गाळ तळाशी बसला.

चवीला मात्र गोडीचा मागमूस नव्हता आणि घरात नातीचं लग्न तोंडावर आलेलं.

"आजी, ही आंबटढाण सायडर पाहुण्यांपुढे कशी ठेवायची?" थोरला नातू म्हणाला. "बाटल्या भरतानाच साखर घालतो."

"नको रे. यीस्ट मेलेलं नाही, उपाशी आहे."

"महिनाभर एक बुडबुडा वर आलेला नाही!"

गप्प बसलं म्हणजे संपलं, असं समजण्यात माणसाची नेहमीच सोय असते. थोरल्याला पुस्तकाचा आधारही सापडला. जॉन एव्हलिनच्या 1664 सालच्या 'पोमोना'त सर पॉल नील यांनी सायडरच्या बाटलीत जायफळाएवढा साखरेचा खडा टाकायला सांगितलंय. जायफळाएवढी चालते, तर मूठभर का नाही?

आजीने समजावलं, "तो खडा फेसासाठी. यीस्ट तो खातं आणि वायू सोडतं, गोडी काही उरत नाही. आणि त्या बाटल्याही साध्या नव्हेत. राजा जेम्सने 1615 मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, मग कोळशाच्या कडक आचेवर काच होऊ लागली, ती जाड आणि कणखर."

धाकट्या नातीने ऐकलं. शॅम्पेनच्या जाड बाटल्या आणल्या, लिटरला 6 ग्रॅम साखर मोजून घातली आणि बाटल्या तळघरात ठेवल्या. थोरल्याने सरबताच्या पातळ बाटल्यांत लिटरला 50 ग्रॅम साखर घातली, बुचं घट्ट ठोकली आणि खोकी स्वयंपाकघरात चुलीशेजारी रचली. आठवड्याने एक बाटली उघडून त्याने सगळ्यांना चाखायला दिली. गोड लागली. घरभर कौतुक झालं. आजी तेवढी काही बोलली नाही.

शॅम्पेनची बाटली साधारण 6 वातावरणांचा दाब सोसते. लिटरमागे 50 ग्रॅम साखर पुरती आंबली, तर दाब त्याच्या दुपटीवर जातो. चुलीच्या उबेत उपाशी यीस्टला मेजवानीच मिळाली होती. एका पहाटे एक बाटली फुटली. तिच्या धक्क्याने शेजारची, मग तिसरी. सायडर छतापर्यंत उडाली. बोटभर लांबीची एक काच दाराच्या फळीत रुतून बसली, लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं, हे नशीब.

आजीने कुणालाही आत जाऊ दिलं नाही. थोरला पुढे होऊ लागला, तर त्याच्या हाती चामड्याचे हातमोजे दिले, डोळ्यांवर चष्मा चढवला, अंगात जाड कोट घातला. खिडक्या उघडून चूल थंड केली. उरलेल्या बाटल्या पूर्ण गार झाल्यावर, जाड फडक्याखाली धरून, तोंड दूर ठेवून, एकेक बूच हळूच सैल केलं. हाताला कंप सुटला होता, तरी त्याने एकही बाटली दुसऱ्याकडे दिली नाही. सगळी सायडर मोरीत गेली.

"मग गोड सायडर करायचीच नाही का?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"करायची ना. एक तर यीस्टला न पचणारी गोडी घाल, सॅकरिनसारखी. नाहीतर फेसाचा हट्ट सोड आणि साखर घालून भरलेल्या बाटल्या लगेच 65 अंशांच्या पाण्यात 20 मिनिटं ठेव, म्हणजे यीस्ट खरंच मरेल. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे, गोडी पेल्यात घाल."

लग्नाच्या दिवशी धाकटीच्या बाटल्या फसफसत उघडल्या. प्रत्येक मेजावर साखरेच्या पाकाचं एकेक भांडं होतं. ते थोरल्याने स्वतः भरलं होतं. वराच्या आत्याने तीन चमचे घेतले, शेजारच्या म्हाताऱ्या बागवानाने भांडं दूर सारलं आणि कोरडी सायडरच दुसऱ्यांदा मागितली.