दोन पाकिटं, एक वही

पुणे,
रविवार सकाळ

चि. चिऊ हिस,


काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. तू आणि सोनू पाठीवर सॅक टाकून स्वतःच्या साठवलेल्या पैशांत आठ रात्रींसाठी ओसाकाला निघालात, याचा मला फार आनंद आहे. पण बोलता बोलता तू म्हणालीस, "आत्या, पैसे सगळे माझ्याकडेच ठेवणार. तो उधळ्या आहे." त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसले. 2016 साली मी आणि तुझा बाबा याच शहरात गेलो होतो, आणि निघण्याआधी अगदी हेच वाक्य मी तुझ्या आजीला ऐकवलं होतं.

पुढे काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. मीच सांगते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोतोंबोरीच्या कालव्याकाठी होतो. एका छोट्या दुकानात ताकोयाकी चालली होती. आपल्या आप्पेपात्रासारखाच तवा, फक्त बराच मोठा. त्यात पीठ ओतायचं, ऑक्टोपसचा तुकडा टाकायचा आणि लांब सुईने एकेक गोळा गर्रकन उलटायचा. तुझा बाबा पाच मिनिटं नुसता तो हात बघत उभा होता. मग त्याने बोटाने "एक" अशी खूण केली. दुकानदाराने डबा उचलला, आणि मी म्हटलं, "आज नाही. आजचे पैसे संपले." पैसे संपले नव्हते, मी ठरवलेला आकडा संपला होता. बाबाने दुकानदाराकडे बघून मान झुकवली आणि हात मागे घेतला. तेव्हा तो चांगला मोठा होता, नोकरी करत होता, आणि निम्मे पैसे त्याचे होते.

तिथून रात्रीचं शहर बघायला आम्ही उमेदाला गेलो. तिथल्या भुयारी बाजारात आमची चुकामूक झाली. पैसे वाचवायचे म्हणून सिमकार्ड एकच घेतलं होतं, ते माझ्या फोनमध्ये. पाकीट माझ्याकडे, खोलीची किल्लीही माझ्याकडे. दोन तास मी वेड्यासारखी फिरले. शेवटी साडेअकराला मुक्कामी परतले, तर तो पायरीवर बसलेला. खिशात तिकिटापुरतीही नाणी नव्हती, म्हणून मिदोसुजीचा सरळ रस्ता धरून सहा किलोमीटर चालत आला होता. मी रडायला लागले. तो एवढंच म्हणाला, "ताई, किल्ली."

चिऊ, कमी पैशांच्या प्रवासात माणूस पै-पै वाचवायला लागला, की नकळत माणसावरही काटकसर करायला लागतो. थोरल्याच्या हातून हे जास्त होतं, कारण धाकट्याला सांभाळायची त्याला लहानपणापासून सवय लागलेली असते. काटकसर खोलीवर कर, प्रवासावर कर, खाण्यावरही कर. सोनूच्या मानावर मात्र करू नकोस. मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळं ते कसं जमवायचं याबद्दल.

पहिलं काम पाकिटांचं. खोली, प्रवास आणि तिकिटं यांचे पैसे सामायिक ठेवा. उरलेल्यातून रोज प्रत्येकाला हजार येन स्वतःचे. शंभर येन म्हणजे साठेक रुपये धर. त्या हजाराचं कोणी काय केलं हे दुसऱ्याने विचारायचं नाही. त्याने खेळण्याच्या यंत्रात घातले तरी नाही. शिवाय पाच हजारांची एक नोट दोघांच्याही पासपोर्टात घडी करून ठेवा. पासपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याजवळच असू दे. परदेशी पाहुण्याने तो कायम सोबत बाळगावा असा तिथला कायदाच आहे. सिम दोन घ्या आणि किल्ल्याही दोन मागा. मुक्कामाचं नाव-पत्ता जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी दोघांच्या खिशात हवी.

चुकामूक झाली तर काय करायचं, हेही आधीच ठरवा. "उमेदाला भेटू" हा पत्ता होत नाही. तिथे जेआरचं स्टेशन ओसाका, भुयारी रेल्वेची उमेदा, हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा, हानक्यू आणि हानशिन यांची ओसाका-उमेदा. सगळी एकमेकांना चिकटलेली आणि सगळी निराळी. तेव्हा शोधत फिरायचं नाही, सरळ मुक्कामाच्या स्टेशनवर परतायचं, असं ठरवा. अडचण आली तर चौकाचौकात पोलिसांची छोटी चौकी असते, तिला कोबान म्हणतात. पोलिसांचा नंबर 110, रुग्णवाहिकेचा 119.

आता पैसे खरे कुठे वाचतात ते. जेआरचा देशभराचा पास घेऊ नकोस. 2023 च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या पासची किंमत 29,650 वरून 50,000 येन झाली. एकाच शहरात राहणाऱ्याला तो परवडण्यातला नाही. विमानतळावरून नानकाई रेल्वेची साधी गाडी तुमच्या मुक्कामाजवळच्या शिन-इमामिया स्टेशनला हजार येनच्या आत सोडते. शहरात फिरायला दोघांना एकेक इकोका कार्ड पुरेल. ज्या दिवशी भुयारी रेल्वेने चार-पाचदा चढउतार असेल, त्या दिवशी दिवसभर चालणारं एन्जॉय इको कार्ड काढा, 820 येन, शनिवार-रविवारी 620. म्हणून लांबलांबची ठिकाणं सुट्टीच्या दिवशी ठेवा आणि जवळची चालत बघा. क्योतोला जायचं तर शिंकानसेनची गरज नाही. जेआरची शिन-काइसोकु गाडी जादा आकाराशिवाय अर्ध्या तासात पोहोचवते. आणि ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात, डावी बाजू चालणाऱ्यांची. तोक्योत याच्या उलट.

संध्याकाळचं जेवण सुपरमार्केटमधून आणा. दुकान बंद होण्याच्या सुमाराला एक कर्मचारी पट्ट्यांचं बंडल घेऊन निघतो आणि उरलेल्या डब्यांवर चिकटवत जातो. 'हानगाकु' म्हणजे निम्मी किंमत. त्याच्या मागे घाई करू नका, तो पुढे सरकला की घ्या. सोनू मासे खात नाही हे लक्षात असू दे. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. उदोनच्या पाण्यात, ओकोनोमियाकीच्या पिठात, बहुतेक ठिकाणी 'दाशी' असतं आणि त्यात वाळवलेल्या माशाचा कीस उकळलेला असतो. तेव्हा घरून मेतकूट आणि शेंगदाण्याचे लाडू न्या. शिजवलेला पॅकबंद भात तिथे स्वस्त मिळतो. गरम करून मेतकूट कालवलं की एक वेळ निभावते. भुकेल्या पोटी भांडणं लवकर पेटतात, म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं.

आमच्यासारखीच तुम्ही पक्की केलेली खोलीही शिन-इमामियाजवळची आहे. ती स्वस्त का आहे, हे कळल्यावर मगच तिथे पाय ठेव. स्टेशनच्या दक्षिणेची वस्ती म्हणजे कामागासाकी. सरकारी कागदांत 1966 पासून तिचं नाव आइरिन. 1970 च्या ओसाका एक्स्पोच्या बांधकामाला गावोगावचे मजूर इथे येऊन राहिले. आपल्या मजूर नाक्यासारखंच, पहाटे उभं राहायचं, मुकादम नेईल तिथे जायचं. रात्री पाठ टेकायला एकट्या माणसापुरती खोली. मुक्कामाच्या जागेला जपानीत 'यादो' म्हणतात. अशा खोल्यांना ते 'दोया' म्हणायचे, तोच शब्द उलटा करून. नव्वदच्या दशकात कामं आटली, मजूर म्हातारे झाले आणि रिकाम्या खोल्यांतल्या काही मालकांनी प्रवाशांना दिल्या.

आमच्या तीन तातामीच्या खोलीत दोन गाद्या पसरल्या की दार उघडण्यापुरती जागा उरायची. शेजारच्या खोलीत एक आजोबा राहत होते. रोज पहाटे त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा, मग चपला ओढत ते नळावर जायचे. तिसऱ्या सकाळी तुझा बाबा त्यांना "ओहायो गोझाइमास" म्हणाला. ते थांबले, टोपी काढली आणि पूर्ण कमरेतून वाकले. या माणसांनी ते शहर बांधलं, आणि त्यांच्याच वाट्याच्या खोलीत तू थोडक्या पैशांत झोपणार आहेस. तिथे फोटो काढू नकोस, भिंती पातळ आहेत तेव्हा हळू बोल, आणि सकाळी नमस्कार चुकवू नकोस.

जवळच शिनसेकाई आहे. 1956 साली उभारलेला त्सूतेनकाकु मनोरा आणि त्याच्या पायाशी कुशीकात्सुची दुकानं. काडीला टोचून तळलेली कमळकाकडी, कांदा, मांस, जे हवं ते. टेबलावर सामायिक सॉसचं भांडं असलं तर काडी एकदाच बुडवायची, चावा घेतल्यावर पुन्हा नाही. उष्टं म्हणजे काय ते आपल्याला शिकवावं लागत नाही, तिथे ते पाटीवर लिहिलेलं असतं. आता पुष्कळ ठिकाणी सॉसच्या बाटल्या आल्या आहेत. ओसाकाकरांचा 'कुइदाओरे' असा एक शब्द आहे, खाण्यापायी धुळीला मिळणं. ज्या शहराला या शब्दाचं कौतुक आहे, तिथे मी एका माणसाचं ताकोयाकीवरून मन मोडलं.

शेवटची गोष्ट, आणि मला वाटतं ती सर्वांत महत्त्वाची. एक दिवस तुझा, एक दिवस त्याचा. त्याच्या दिवशी कुठे जायचं, कधी जेवायचं, कधी परतायचं ते तो सांगेल. चुकीच्या गाडीत चढला तरी तू तोंड उघडायचं नाहीस. त्या रात्रीनंतर आम्ही असंच केलं. बाबाच्या पहिल्याच दिवशी त्याने माझ्या यादीतलं काहीही न घेता हानकाईची ट्राम धरली. घरांच्या परसातून, वाळत घातलेल्या कपड्यांजवळून ती खडखडत सुमियोशी ताइशा या मंदिराला गेली. तिथे तळ्यावर लाल कमानीचा पूल आहे, इतका उभा की चढताना कठड्याला हात लावावाच लागतो. माथ्यावर पोहोचल्यावर तुझ्या बाबाने मागे वळून हात पुढे केला. घरी मीच त्याला हात देत आले होते. मंदिरात जायला पैसे लागत नाहीत. आठ दिवसांतला तो सर्वांत स्वस्त दिवस, आणि आजही डोळ्यांसमोर उभा राहतो तो तोच.

परतताना त्याने स्वतःच्या पाकिटातून ताकोयाकी घेतली. सहा गोळे होते, तीन मला दिले.

या पत्रासोबत आमची हिशेबाची वही पाठवते आहे. तिसऱ्या दिवसाच्या पानापर्यंत सगळं माझं अक्षर आहे, चौथ्यापासून एक पान माझं, एक त्याचं. निम्मी वही कोरी आहे, तुम्हा दोघांना पुरेल. पहिलं पान सोनूला लिहू दे.

तुझी,
आत्या