पळणारा कुत्रा व धन्याचें कर्तव्य

आपला कुत्रा कुंपणांतून निसटून शेजाऱ्याच्या परसांत शिरला व त्यानें तेथील कोंबडी मारली, तर दोष कोणाचा? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु खेड्यांतील कित्येक वैरें अशाच क्षुल्लक गोष्टींपासून उत्पन्न होतात, हें वाचक जाणतात. ज्या विधवेच्या संसाराला चार कोंबड्यांचाच आधार, तिला एक कोंबडी जाणें ही थोडी हानि नव्हे. म्हणून या प्रश्नाचा आम्ही येथें विचार करूं इच्छितों.

अशा वेळीं धनी बहुधा म्हणतो, "मुकें जनावर आहे, त्याला काय कळतें?" हें खरें आहे, पण त्यावरून धनी निर्दोष ठरत नाहीं, उलट दोषी ठरतो. ज्याला कळत नाहीं त्याच्यावर दोष ठेवितां येत नाहीं. तेव्हां ज्याला कळतें त्यानेंच तो पत्करला पाहिजे. निर्गमाच्या 21 व्या अध्यायांत मारक्या बैलाविषयीं असाच भेद केलेला आहे. बैलाची खोड धन्यास पूर्वीं कळविली असूनही त्यानें त्याला आवरलें नाहीं, तर धन्याचा अपराध फार मोठा गणिला आहे. आपल्या देशांत 2023 सालीं झालेल्या भारतीय न्याय संहितेचें कलम 291 हेंही याच न्यायाचें आहे. पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवास धोका होऊं नये म्हणून जो पुरेशी काळजी घेत नाहीं, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. कुत्रा एकदां निसटला तर तो अपघात म्हणावा. तीनदां निसटला तर ती आपली हयगय होय.

दुसरा धनी म्हणतो, "आजपासून त्याला साखळीनें बांधूनच ठेवितों." यानें शेजारी सुरक्षित होतो खरा, परंतु आपल्या आळसाची किंमत कुत्र्यास द्यावी लागते. रात्रंदिवस बांधलेला कुत्रा चिडखोर होतो. फार आंखूड किंवा जड साखळीनें जनावरास दीर्घकाळ बांधणें, तसेंच नेहमीं बांधलेल्या कुत्र्यास मुळींच न फिरविणें, हे 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हे आहेत. शेजाऱ्याचें नुकसान होऊं नये व मुक्या प्राण्याचे हालही होऊं नयेत, हीं दोन्ही कर्तव्यें एकाच धन्याचीं आहेत.

तर मग काय करावें? प्रथम तो कां पळतो हें पाहावें. दिवसभर एकटा पडलेला तरुण कुत्रा कंटाळून पळतो. त्यास सकाळ-संध्याकाळ दोरीनें फिरवावें. भुकेनें पळत असेल तर ठराविक वेळीं पोटभर घालावें. दिवाळींत फटाक्यांना भिऊन पळत असेल तर त्या रात्रीं घरांत घ्यावें. माजावर आलेल्या कुत्रीच्या मागें जात असेल तर गुरांच्या दवाखान्यांत शस्त्रक्रिया करून घ्यावी. कुंपणाखालीं उकरीत असेल तर तेथें दगड पुरावे. भिंतीवरून उडी मारीत असेल तर भिंतीलगतची लाकडांची रास हलवावी. फाटक उघडें राहत असेल तर दोरीला दगड बांधून तें आपोआप मिटेल असें करावें. पिसाळण्याची लस दर वर्षीं टोंचून घ्यावी. कोणास चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना किंवा मिरची न लावतां त्यास ताबडतोब दवाखान्यांत न्यावें. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य क्वचितच वांचतो.

आणखी एक गोष्ट. कुत्रा परत आला म्हणजे पुष्कळ जण त्यास बडवितात. पळाल्याबद्दल आपण मारतों असें आपणांस वाटतें. पण घरीं आल्यास मार बसतो एवढेंच तो शिकतो, व पुढच्या वेळीं हांक मारली तरी दूर राहतो. परत आलेल्यास गोडीनें आंत घ्यावें. मुलांच्या बाबतींतही आईबापांनीं याचा विचार करावा.

इतकें करूनही नुकसान झालें, तर शेजारी दारीं येण्याची वाट पाहूं नये. आपणच आधीं त्याच्याकडे जावें, झालेलें सांगावें व भरपाई द्यावी. कोंबडी लहान होती कीं मोठी, यावर घासाघीस करूं नये. या आठवड्यांत प्रत्येकानें आपल्या कुंपणाभोंवतीं एक फेरी घालावी. जें भोंक आज आपणांस दिसतें, त्यांतून उद्यां जें बाहेर जाईल त्याचे जबाबदार आपण आहों.