ओळखीचा घास

‘लहानपणापासून खातोय, आजवर काही झालं नाही.’ कोकणातल्या घरात याहून भक्कम युक्तिवाद नाही. चाळिशीत कोळंबी खाल्ल्यावर ज्याचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, त्याला सगळे हेच ऐकवतात. कोळंबी शिळी असेल, पित्त झालं असेल, आमसूल चोळ. त्यालाही ते पटतं, कारण स्वतःच्या पोटाची इतक्या वर्षांची साक्ष खोटी कशी म्हणायची?

खरं तर ही साक्ष उलट बाजूचीच आहे. शरीराची पदार्थाशी आधी गाठ पडावी लागते, त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार व्हावी लागतात. तेव्हा कुठे पुढच्या खेपेला अ‍ॅलर्जी उसळते. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०२ साली कुत्र्यांना समुद्रफुलाचं विष टोचलं, ते त्यांची सहनशक्ती वाढेल या आशेने. पहिल्या डोसातून बचावलेली कुत्री काही आठवड्यांनी अगदी थोड्या विषाने दगावली. सवयीने बळ येतं या समजालाच तो धक्का होता. या कामासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

आधीची गाठ ताटातच पडायला हवी असंही नाही. कोळंबी-खेकड्यांतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन गादीच्या धुळीतल्या सूक्ष्म किडींच्या आणि झुरळांच्या तशाच प्रथिनाशी बरंच जुळतं. त्यामुळे वर्षानुवर्षं धूळ नाकात घेतलेलं शरीर कधी कधी गादीचा राग कोळंबीवर काढतं. आपण मात्र खाण्यात कूळ, गाव, आजीचा हात शोधत बसतो. रक्ताच्या नोंदवहीत आजीचा रकानाच नाही.

पण जेवायला माणसं बसतात, प्रतिपिंडं नव्हेत. पथ्यावर असलेल्याला आपल्याकडे सहानुभूती मिळते, माळ घातलेल्याला मान मिळतो. अ‍ॅलर्जीवाल्याला फक्त आग्रह. ‘नुसता रस्सा घे, कोळंबी बाजूला काढून ठेव’ हा त्यातला सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत धोक्याचा. हे प्रथिन उकळून मोडत नाही, उलट रश्श्यात उतरतं. काहींना शिजतानाची वाफही बाधते. आणि घसा आवळू लागला की आमसूल कामाचं नाही, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. हे पंगतीत समजावून सांगेपर्यंत वाढणाऱ्याचा डाव वाटीवर आलेला असतो.