सोंग, ढोंग आणि व्हिडिओवरील ‘शोले’

अनुकृतीच्या नैतिकतेचा प्रश्न समीक्षेने बहुधा मौलिकतेच्या निकषापुरताच मर्यादित ठेवला आहे. खानदेशच्या वेशीवर, धुळ्याशेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली व्हिडिओवर चित्रित केलेला ‘मालेगाव के शोले’ त्याला वेगळे परिमाण देतो.

अमेरिकन चित्रपटांत जीन ऑट्री १९३५ पासून गाणारे काउबॉय नायक झाले. गिटार आणि पिस्तूल एकाच हाती आले व गाण्याने गोळीची दाहकता झाकली. ‘शोले’ने (१९७५) घोडे, बंदुका आणि गीते यांचा मेळ भव्य केला. मालेगावचे दरोडेखोर मात्र सायकलींवर आले. प्रेक्षक हसला. या हसण्यात केवळ दारिद्र्याची थट्टा नाही. पडद्यावरील दरारा घोड्यांच्या खर्चावर किती अवलंबून असतो, हे त्यातून उघड होते.

मराठीने ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ यांत भेद केला आहे. बहुरूप्याचे सोंग सर्वांसमक्ष असते. ढोंग लपण्यावर जगते. शीर्षकातच आपले ऋण उच्चारणारी नक्कल म्हणूनच चोरी ठरत नाही. उलट, हिंसेला गोड सुरात निष्पाप भासवणारी कृती, ती कितीही मौलिक असो, ढोंगाच्या अधिक जवळ जाते.