वस्तऱ्याचे वय आणि वस्तूची ओळख

जुन्या वस्तऱ्याचा काळ ठरवताना दोन प्रश्न उभे राहतात. वस्तरा कधी घडला, हा पहिला. आज हातात असलेला वस्तरा तेव्हा घडलेलाच आहे का, हा दुसरा. पहिला इतिहासाचा आहे, दुसरा तत्त्वज्ञानाचा. आणि दुसऱ्याचा निकाल लागल्याखेरीज पहिल्याचे उत्तर पुरे होत नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगत वसलेल्या कुरुंदवाडसारख्या गावात या प्रश्नाला धर्माचीही बाजू आहे. पलीकडच्या तीरावर नृसिंहवाडीचे दत्तक्षेत्र आहे. तीर्थावरचे क्षौर, मुलाचे जावळ, मुंज, सुतकातले मुंडन अशा विधींना न्हावी लागतोच. बलुतेदारीत न्हाव्याच्या हत्यारांची धोकटी वडिलांकडून मुलाकडे येई. इथले पटवर्धनांचे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याआधीच्या शतकात शेफील्ड आणि झोलिंगेन येथील वस्तरे जगभर जात होते. पिढ्यानपिढ्या वापरलेल्या अशा वस्तऱ्याची मूठ बदललेली असते, खिळे नवे असतात आणि पाते झिजून अरुंद झालेले असते.

काळ ठरवण्याच्या खुणा मुख्यतः चार आहेत. पहिली घडणीची. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला मागे शेपटी नसते किंवा अगदी आखूड असते. १८०० नंतर ती लांबत गेली. जुने पाते जाड आणि पाचरीच्या आकाराचे असते, तर दोन्ही बाजूंनी पोखरून अतिशय पातळ केलेले पाते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. दुसरी खूण पोलादाच्या नावाची. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफील्डला मुशीत वितळवलेले पोलाद बनवले. ‘कास्ट स्टील’ हा ठसा त्याच्या नंतरचा. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९० च्या दशकात हिंदुस्थानी वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. पुढे जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी वुट्झचा अभ्यास केला, पोलादात चांदी मिसळून पाहिली, आणि १८२० च्या दशकापासून ‘सिल्व्हर स्टील’ हे नाव वस्तऱ्यांवर दिसू लागले. तिसरी खूण राजचिन्हाची: ‘व्ही. आर.’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळाकडे बोट दाखवतात. चौथी देशाच्या नावाची. ब्रिटनचा १८८७ चा व हिंदुस्थानचा १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आणि अमेरिकेचा १८९० चा जकात कायदा यांच्यानंतर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे छापण्याची रीत पक्की झाली. मूठ सेल्युलॉइडची असेल, तर ती १८७० च्या आधीची असू शकत नाही.

या खुणा एका वर्षावर क्वचितच येतात. ठसा १८५० च्या सुमाराचा आणि मूठ १९२० ची, असे सहज आढळते. मग वस्तरा कधीचा? इथे ओळखीचा दुसरा प्रश्न पुढे येतो.

भारतीय दर्शनांपैकी वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी असते. पण अवयव सुटला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या भागांतून नवा उपजतो. फाटलेल्या वस्त्राचे उदाहरण ते देतात. या हिशेबाने दर वेळी धार लावली की नवा वस्तरा जन्मतो. बौद्ध क्षणभंगवादी आणखी पुढे जातात: सारेच क्षणिक आहे, ‘हा तोच’ ही ओळख केवळ साम्यातून येते. त्यांचे आवडते उदाहरण न्हाव्याच्या कामाला लागूनच आहे. कापल्यावर पुन्हा वाढलेल्या केसांना लोक ‘तेच केस’ म्हणतात. पण ते तेच नसतात.

ब्रह्मसूत्रभाष्यात शब्दाच्या नित्यतेची चर्चा करताना शंकराचार्य याच केसांच्या उदाहरणाला उत्तर देतात. ओळख दुसऱ्या प्रमाणाने बाधित होत नाही, म्हणजे खोटी ठरत नाही, तोवर ती खरी मानावी, असा त्यांचा न्याय आहे. केस कापलेले सर्वांनी पाहिलेले असतात, म्हणून तिथली ओळख बाधित होते. प्रत्येक ठिकाणी ती तशी होत नाही.

हा न्याय वस्तऱ्याला नेमका लागू पडतो. सेल्युलॉइड हे मुठीपुरते बाधक प्रमाण आहे, पात्यापुरते नाही. घडीच्या वस्तऱ्यात मूठ हीच म्यान असते, आणि बृहदारण्यक उपनिषद देहातल्या आत्म्याला म्यानातल्या वस्तऱ्याची उपमा देते, तेव्हा म्यान आणि वस्तरा हा भेद गृहीतच धरलेला असतो. मूठ बदलूनही वस्तरा तोच म्हणण्यात म्हणूनच विसंगती नाही. धारेचे मात्र उलट आहे. दगडावर दर वेळी तिचे पोलाद झिजते, म्हणून ज्या धारेने काम होते ती नेहमीच वस्तऱ्याचा सर्वांत नवा भाग असते. पाते आणि शेपटी यांच्यामधली, ठसा असलेली मान दगडाला लागत नाही. वस्तऱ्याचे वय तीच सांगते.

त्यामुळे एका वस्तऱ्याला एकच साल देणे अपुरे ठरते. पाते, मूठ आणि खिळे यांचा काळ वेगवेगळा नोंदवावा, आणि ‘वस्तरा अमुक काळाचा’ हे विधान ठशाच्या मानेपुरते करावे. झीज घासून काढणे किंवा जुन्या पात्याला जुनी भासणारी मूठ बसवून मूळची म्हणणे हा केवळ व्यापारातला दोष नाही. ओळख तपासण्याची जी प्रमाणे वस्तूत उरली आहेत, तीच त्याने नष्ट होतात. आणि प्रमाणे गेली, की खरी ओळख आणि खोटी ओळख यांत फरक करण्याचे साधन राहत नाही.