दोन घड्यांच्या कागदावर खरं बोलणं

महाभारताच्या कर्णपर्वात एक प्रसंग आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असं जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा असते आणि रागाच्या भरात ते शब्द नेमके धर्मराजाच्या तोंडून जातात. कृष्ण वाट काढतो: थोरल्या भावाचा शब्दाने अपमान कर, वडीलधाऱ्याचा अपमान हा त्याचा वधच. अर्जुन तसं करतो आणि मग पश्चात्तापाने स्वतःवरच तलवार उपसतो. तेव्हा कृष्ण दुसरी वाट सांगतो: स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, म्हणजे आत्महत्या केल्यासारखंच होईल.

ही गोष्ट मला ऐकवली आमच्या भावकीतल्या आबांनी, त्यांच्या माहितीपत्रकाचा मजकूर ठरवायला बसलो होतो तेव्हा. आबा मारुंजीचे, माळकरी, शक्यतो एकादशीची देहूची वारी चुकवत नाहीत. भोसरीच्या एमआयडीसीत त्यांचा गाळा आहे. दोन व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं, एक जुनं लेथ, हाताखाली मोजकी पोरं. जिग-फिक्स्चर आणि गेज बनवतात. इतकी वर्षं काम तोंडोतोंडी येत गेलं. आता त्यांच्या मुलाला चाकणच्या नव्या कंपन्यांचे दरवाजे ठोठावायचे आहेत आणि तिथे गेटवर कागद मागतात. म्हणून ब्रोशर, आणि म्हणून मी, कारण गावच्या सुनेचं डिझाइनचं ऑफिस लक्ष्मी चौकाच्या रस्त्याला आहे हे सगळ्यांना ठाऊक.

"सूनबाई, कामाचं मी सांगतो, पण 'आम्ही उत्तम' असं माझ्या नावाखाली छापू नको," आबा म्हणाले. "आपले गुण दुसऱ्यानं सांगावेत."

मुलगा वैतागला होता. मी वैतागले नाही. उलट इतक्या गिऱ्हाइकांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला म्हणून बरं वाटलं. विकणाऱ्याला आपल्या मालाबद्दल बोलावंच लागतं. मग स्तुतीचा दोष न लागता ते बोलता येतं का? मला वाटतं, येतं. आणि त्याचं उत्तर त्याच महाभारतात, शांतिपर्वात आहे.

तिथे जाजली नावाचा तपस्वी आहे. इतका निश्चल उभा राहतो की पाखरं त्याच्या जटांत घरटं करतात, पिल्लं मोठी होऊन उडून जातात. मग तो दंड थोपटून ओरडतो, मला धर्म सापडला. आकाशवाणी त्याला सांगते की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. हा तुलाधार दुकानदार आहे. जाजली त्याच्याकडे जातो तेव्हा तो माल विकत बसलेला असतो. धर्म काय म्हणून विचारल्यावर तो आपला धंदा सांगतो. अमुक वस्तू विकतो, मद्य विकत नाही. माल दुसऱ्यांकडून घेतो आणि कपट न करता पुढे देतो. माझा तराजू सगळ्यांना सारखा आहे. अध्यात्म त्यानंतर येतं.

मी आबांना म्हणाले, आबा, हे माहितीपत्रकच झालं की. काय मिळतं, काय मिळत नाही, माल कुठून येतो, माप कसं आहे. स्तुती कुठे आहे यात? स्तुती केली ती तपस्व्याने. फरक एवढाच की जाजली स्वतःकडे बघून बोलत होता आणि तुलाधार समोर आलेल्याच्या प्रश्नाकडे बघून.

आबांना हे पटलं, पण अर्धंच. "विचारलं म्हणून त्यानं सांगितलं. आपल्याला कोण विचारायला आलंय?"

बरोबर आहे. ब्रोशर न विचारता हातात पडतं. पण वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न असतोच, तो आधी ओळखावा लागतो. मराठी मुलखात हे फार लवकर ज्यांना कळलं त्यांत किर्लोस्कर. 1910 साली किर्लोस्करवाडी वसवण्याआधीच लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर करू लागले होते, पण सुरुवातीला नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची भीती होती. अशा माणसाला 'आमचा नांगर सर्वोत्कृष्ट' हे कितीही मोठ्या टायपात सांगून उपयोग काय? त्याचा प्रश्न उत्कृष्टतेचा नव्हताच, जमिनीचा होता. पुढे 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेला तो कागद वाढत वाढत महाराष्ट्रातलं एक मोठं मासिक झाला. गिऱ्हाइकाच्या आयुष्याबद्दल आस्था असल्याशिवाय पत्रकाचं असं मासिक होत नाही.

तर चाकणच्या परचेसवाल्याच्या मनात काय असतं? माझं ड्रॉइंग यांच्या मशीनवर बसेल का. टॉलरन्स किती धरतात. मोजतात कशाने. किती दिवसांत देतील. बिघडलं तर फोन कोण उचलेल. मुलाने आणलेल्या कच्च्या मजकुरात यातलं काही नव्हतं. होतं ते 'अत्याधुनिक यंत्रसामग्री', 'जागतिक दर्जा' आणि 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय'. सोबत इंटरनेटवरून घेतलेला, रोबोंच्या रांगांचा, चकचकीत परदेशी कारखान्याचा फोटो.

खरं बोलणं म्हणजे काय, याची मला ठाऊक असलेली सगळ्यात काटेकोर व्याख्या पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, दुसऱ्या पादात, सत्य या यमाच्या विवरणात आहे. व्यास म्हणतात, आपल्याला जे कळलंय ते दुसऱ्याच्या मनात पोचावं म्हणून वाणी असते. ती फसवणारी नसावी, भ्रमातून आलेली नसावी, आणि ऐकणाऱ्याला काहीच कळू न देणारी, वांझही नसावी. शिवाय ती सगळ्यांच्या भल्यासाठी असावी, कुणाच्या घातासाठी नव्हे. यातली तिसरी, वांझपणाची कसोटी वाचली तेव्हा मी थक्क झाले होते. खोटं बोलू नये हे सगळेच सांगतात. पण ज्याच्यातून काही कळतच नाही असं बोलणंही सत्यात बसत नाही, हे मी दुसरीकडे कुठे इतकं स्वच्छ वाचलेलं नाही. 'जागतिक दर्जा' हे शब्द खोटे म्हणून खोडायला जावं तर सापडत नाहीत. ते वांझ आहेत. आपल्या एमआयडीसीतल्या निम्म्याअधिक पत्रकांचा दोष हा आहे आणि त्याला दोष म्हणून कुणी मोजतही नाही.

म्हणून आतलं मधलं पान आम्ही एका कोष्टकाला दिलं. मशीनच्या टेबलाचं माप, तिन्ही अक्षांचा प्रवास, किती वजनाचा जॉब चढतो, किती मायक्रॉनपर्यंत खात्रीने काम होतं. खात्रीने म्हणजे रोज होतं ते. एखादा जॉब नशिबाने पाच मायक्रॉनमध्ये निघाला म्हणून पाच लिहायचं नाही. हे आबांनीच सांगितलं, मुलाला नाही आवडलं. कोष्टकाखाली एक ओळ: हार्डनिंग बाहेरून करून घेतो, 800 मिलिमीटरपेक्षा मोठा जॉब घेत नाही. ही ओळ घालावी असा आग्रह माझा होता. तुलाधाराने मद्य विकत नाही म्हणून सांगितलं ते गिऱ्हाइकाची खेप वाचावी म्हणूनही असेल. जे होत नाही ते लिहिलं की जे होतं म्हणून लिहिलंय त्यावर वाचणारा विश्वास टाकतो. पण समजा नाही टाकला आणि उलट कामं हुकली, तरी ती ओळ तिथेच राहायला हवी.

हे शेवटचं वाक्य मुलाशी वाद घालताना निघालं. खरं लिहिलं की ऑर्डर टिकते, म्हणून खरं लिहावं, असं त्याचं म्हणणं. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 च्या ग्रंथात नेमका असा दुकानदार उभा केलाय. तो अजाण गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही, लहान पोरालाही सगळ्यांसारख्याच भावाने देतो, पण ते धंद्याच्या हिताचं आहे म्हणून. कांटच्या लेखी त्याच्या वागण्याला नैतिक मोल नाही. मी इतकी कडक होऊ शकत नाही. हिशेबाने पाळलेली सचोटीसुद्धा परचेसवाल्याचं नुकसान टाळते. मात्र जिथे हिशेब उलटा फिरतो तिथे माणूस कुठल्या बाजूला उभा आहे ते कळतं, आणि आबा कुठे उभे आहेत याबद्दल मला शंका नव्हती.

लोगोंच्या वेळी ते दिसलंच. मुलाला मागच्या पानावर मोठ्या वाहन कंपन्यांचे लोगो हवे होते. आबांची फिक्स्चर जातात एका व्हेंडरकडे, त्याचे पार्ट जातात दुसऱ्याकडे, तिथून गाडीत. "गाडीत आपलं काम आहेच ना?" मुलगा म्हणाला. आहे. पण लोगो बघून वाचणारा समजेल की त्या कंपनीने यांना पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, दिलीय. 'नरो वा कुंजरो वा' म्हणतात ते हेच. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता, द्रोणांनी मात्र मुलगा मेला असं ऐकावं अशी सगळी योजना होती. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी खाली टेकला. व्यासभाष्याची पहिली कसोटी शब्द खरे आहेत का एवढं विचारत नाही, समोरच्याच्या मनात काय पोचावं असा तुमचा इरादा होता ते विचारते. लोगो गेले. त्या जागी ज्या दोन व्हेंडरांना थेट माल जातो त्यांची नावं, त्यांना विचारून, आली.

मारुंजीत राहणाऱ्याला हा धडा रोज वाचायला मिळतो. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे इथे टॉवर उभे राहिले आणि प्रत्येकाबरोबर जाड कागदाचं ब्रोशर आलं. नकाशात आयटी पार्क पाच मिनिटांवर. पाच मिनिटं पहाटे चारला खरी असतात, सकाळी नऊला नसतात, आणि घर घेणारा नऊला निघणार असतो. म्हणून मी नकाशावर मिनिटं लिहीत नाही, किलोमीटर लिहिते. 2016 च्या रेरा कायद्याचं बारावं कलम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने ते भरून द्यायचं. माहितीपत्रक हे दिलेलं वचन आहे, हे निदान घरांच्या बाबतीत कायद्याने मान्य केलं. व्हीएमसीच्या गाळ्याला असा कायदा पुस्तकात शोधावा लागेल, पण वचन तेच आहे.

मांडणीबद्दलही मला तितक्याच गांभीर्याने बोलायचंय, कारण लोक मांडणीला सजावट समजतात. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यालाच दिला आहे. परमार्थाच्या ग्रंथात वळणदार अक्षर, सरळ ओळी, काळी शाई, एका ओळीला दुसरी लागू नये, असं सगळं येतं. कडेने कोरी जागा सोडायची ती का, हेही तिथे आहे: कागद कडेने झडला तरी अक्षर झडू नये. छापखान्यात आम्ही आजही कापणीच्या रेषेपासून मजकूर आत ठेवतो आणि रंग तीन मिलिमीटर बाहेर सोडतो, ते कटिंगचं पातं थोडं सरकलं तरी अक्षर वाचावं आणि कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून. ए-फोर कागदाला दोन घड्या घालायच्या तर आत वळणारं पान 97 मिलिमीटर ठेवतो, बाकी दोन शंभरची. नाहीतर घडी फुगते आणि कागद टेबलावर नीट बसत नाही. देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फोटोवर पांढरी बारीक अक्षरं छापली की पन्नाशीच्या माणसाला वाचता येत नाहीत, आणि पीओवर सही करणारा बहुतेक पन्नाशीचा असतो. न वाचता येणारं सत्य तिसऱ्या कसोटीला नापासच. फोटोही आबांच्या गाळ्यातलेच काढले, फरशी झाडून, पण तेलाचे डाग लपवायला दिवे न लावता.

राहिला पांडुरंग. मुखपृष्ठावर विठोबाचं चित्र हवं, हा आबांचा एकच हट्ट होता. देवाचं नाव घेतल्याशिवाय कामाला हात लावत नाही, मग पत्रकावर का नको? मी दोन गोष्टी सांगितल्या. हा कागद कचऱ्याच्या डब्यात जाऊ शकतो, ही पहिली, आणि त्यांना ती लगेच लागली. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. गिऱ्हाइकापुढे देव ठेवला की तो आपल्या मालाला जामीन राहिल्यासारखा होतो. वाचणारा कोष्टक बघायचं सोडून माळ बघू लागतो. तुकोबा सावकारी करणाऱ्या घरातले, दुकान चालवलेले. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. देवासाठी त्यांनी आपलं येणं सोडलं, देवाच्या नावावर येणं वाढवलं नाही. आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावतो, तिथं तो आहेच." मुखपृष्ठावर आता एका गेजचा फोटो आहे, खाली गाळ्याचं नाव आणि एक ओळ: ड्रॉइंग पाठवा, होईल की नाही ते दोन दिवसांत कळवतो. 'होईल की नाही' हे आबांचे शब्द.

मायक्रॉनमध्ये मोजता येतं तोवर हे सगळं त्या मानाने सोपं आहे. सध्या माझ्याकडे डबे पुरवणाऱ्या ताईंचं पत्रक आलंय, आयटीतल्या मुलामुलींसाठी. त्यांना 'आईच्या हातची चव' असं लिहायचंय. यात फसवणूक नाही, वाचणाऱ्याला ते शब्दशः खरं नाही हे ठाऊकच असतं. पण मग त्यातून त्याला कळतं काय? मी ताईंना चव सोडून फक्त स्वयंपाकघराबद्दल विचारत गेले. तेल कुठलं, पोळ्या किती वाजता लाटता, एकादशीला काय देता. मध्येच त्या सहज म्हणाल्या, "सकाळची डाळ मी रात्रीच्या डब्यात घालत नाही, दोन वेळा वेगळी शिजवते." ते वाक्य पहिल्या पानावर घेतलंय, आणि त्याखाली महिन्याचा दर, त्याच मापाच्या अक्षरांत.